दोष सापडला, गळती राहिली

गळती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे थेंब येतो. पावसाळ्यात कौल सरकले की खाली पातेले ठेवावे लागते. नळाचा वॉशर झिजला की रात्रभर टपटप ऐकू येते. आत असलेले बाहेर पडते ती गळती, अशी आपली साधी समजूत. हायस्कुलात इतकी वर्षे विज्ञान शिकवूनही माझी समजूत याहून फारशी निराळी नव्हती. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या गाडीने ती चुकीची ठरवली. आणि तेवढ्यावर न थांबता तिने माझ्या आणखी एका समजुतीला धक्का दिला. ती अशी की, मनुष्य प्रामाणिकपणे शोधू लागला म्हणजे त्याला दोष सापडतो आणि दोष सापडला म्हणजे काम झाले. मला वाचकांशी बोलायचे आहे ते या दुसऱ्या गोष्टीविषयी. पण पहिली नीट कळल्यावाचून दुसरी कळायची नाही. ज्यांना यंत्रांचा कंटाळा आहे त्यांनी थोडा धीर धरावा.

माझा भाचा गोव्यात पेडणे तालुक्यात राहतो आणि भाड्याची गाडी चालवतो. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी विमाने सुटू लागली, तेव्हापासून त्याला तिथली भाडी मिळतात. याशिवाय त्याचे एक बांधलेले काम आहे. शेजारच्या गावातील एका वृद्ध बाईंची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. त्यांना आठवड्यातून तीनदा पहाटे म्हापशाला डायलिसिससाठी न्यावे लागते. यंत्रावर सुमारे चार तास रक्त शुद्ध होते. एकाची पाळी संपली की दुसरा रोगी वाट पाहतच असतो. उशीर झाला तर वेळ कापली जाते, आणि कापलेली वेळ ही त्या रोग्याच्या अंगात राहिलेले विष असते. भाचा या कामाचे भाडे कमी घेतो. आजीबाई त्याला लहानपणापासून ओळखतात.

गाडी डिझेलवर चालणारी, जुन्या पद्धतीच्या पंपाची. मागे एकदा डिझेलमधून पाणी जाऊन तिचा पंप खराब झाला होता आणि त्याला बराच खर्च आला होता. मी मे महिन्यात त्याच्याकडे गेलो असताना तो हे दुःख सांगत होता. मी लगेच शिक्षकाच्या भूमिकेत शिरलो. पंपाच्या आतल्या दट्ट्यात आणि त्याच्या नळकांड्यात अवघ्या दोनचार मायक्रॉनची फट असते, माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड, तेव्हा पावसाळ्यापूर्वी मोठा फिल्टर बसव, ज्याच्या तळाशी पाणी वेगळे साचते आणि ज्याची जाळी बारीक असते, असा सल्ला मी त्याला दिला. सल्ला चांगला होता. आजही मी तो चांगलाच म्हणेन.

डिचोलीत एक मिस्त्री आहेत. कोलवाळ, अस्नोडा, मुळगाव अशा वाटेने भाचा गाडी त्यांच्याकडे नेतो, कारण डिझेल इंजिनाचे त्यांच्याइतके ज्ञान जवळपास कोणाला नाही असे त्याचे मत आहे. ते खाणींच्या ट्रकांवर शिकले. एके काळी डिचोली आणि साखळीच्या रस्त्यांवर लोखंडाच्या खनिजाच्या ट्रकांची रांग लागलेली असे. माल मांडवीच्या धक्क्यांवर जाई आणि तेथून बार्जमधून मुरगाव बंदराकडे. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ साली न्यायालयाने मर्यादा घालून परवानगी दिली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्या मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडले. त्या बंदीच्या बऱ्यावाईटाविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. दारात उभ्या राहिलेल्या ट्रकांची रबरे कशी ताठ होतात आणि महिनोन्महिने बंद असलेल्या इंजिनाची हवा काढता काढता हात कसे दुखतात, हे या मिस्त्रींनी पुष्कळ पाहिले आहे, एवढेच सांगायचे आहे. हवेची गळती त्यांना ठाऊक नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता ती गळती काय असते ते सांगतो. डिझेलची टाकी गाडीत खाली असते. तेथून एक छोटा पंप डिझेल ओढून घेतो आणि पुढे मोठ्या पंपाकडे ढकलतो. छोट्या पंपाच्या पुढच्या भागात नळीला भोक पडले तर डिझेल बाहेर सांडते, वास येतो, डाग पडतो. कोणीही दोष दाखवील. परंतु टाकीपासून छोट्या पंपापर्यंतच्या भागात नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. खरे पाहता पंप ओढत नाहीच. बाहेरची हवा दाबते म्हणून डिझेल वर चढते. हवेला वजन आहे, हे इटलीच्या टॉरिचेलीने १६४३-४४ च्या सुमारास दाखवून दिले. हीच हवा एखादी फट सापडली की स्वतःच आत शिरते. डिझेल घट्ट आणि हवा विरळ, म्हणून ज्या फटीतून डिझेलचा थेंबही बाहेर येणार नाही तिच्यातून हवा सहज आत जाते. सांधा कोरडा दिसतो. बोट फिरवावे तर बोटाला तेल लागत नाही. आणि गाडी मात्र आतून बिघडत असते. कारण डिझेल दाबले जात नाही पण हवेचा बुडबुडा स्प्रिंगसारखा दबतो, मोठ्या पंपाने दिलेला सारा जोर तो बुडबुडाच खाऊन टाकतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. इंजिन चुकते, चढावर गळपटते, बंद पडते.

या गळतीची आणखी एक खोड आहे. इंजिन चालू असताना बारीक बुडबुडे प्रवाहाबरोबर निघून जातात, बरेचसे परतीच्या नळीने टाकीत येतात, आणि गाडी दिवसभर ठीक चालते. रात्री इंजिन बंद असताना त्याच फटीतून हवा हळूहळू आत येते व नळीतले डिझेल आपल्या वजनाने खाली टाकीत उतरते. सकाळी नळी रिकामी. म्हणून हा दोष संध्याकाळी दिसत नाही, पहाटे दिसतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नवा फिल्टर बसला. तो जुन्यापेक्षा मोठा, त्यामुळे थोडा उंचावर आणि दूर बसवावा लागला. नळीला दोन वळणे वाढली. तीनचार दिवसांत गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेऊ लागली. हातपंप मारला की सुरू होई. मग एक दिवस अस्नोड्याच्या पुढे चढावर बंद पडली. भाच्याने मला फोन केला. त्याने काही म्हटले नाही. पण 'मामा, तुम्हीच सांगितले होते' हे वाक्य त्याच्या गप्प बसण्यात मला ऐकू आले. मी दुसऱ्याच दिवशी गोव्याला जाणारी एस.टी. धरली.

मिस्त्रींकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी फिल्टरच्या अलीकडे, टाकीकडून येणाऱ्या बाजूला, हातभर पारदर्शक नळी लावली आणि इंजिन सुरू केले. नळीतून बुडबुडे जाताना मी स्वतः पाहिले. सोड्याच्या बाटलीत दिसतात तसे. मिस्त्रींनी टाकीजवळची रबरी नळी वाकवून दाखवली. ती वाळून ताठ झाली होती, आणि टोकाशी, क्लिपच्या खाली, तिला बारीक चिरा होत्या. "नळी जुनी आहे," ते म्हणाले. "फिल्टरचा काही दोष नाही, बसवण्याचाही नाही."

हे ऐकून आम्हां तिघांनाही किती बरे वाटले, हे मला आज लिहायला लाज वाटते. मिस्त्रींचे काम निर्दोष ठरले. माझा सल्ला निर्दोष ठरला. भाच्याला आपण फसवले गेलो नाही याचे समाधान झाले. दोष एका रबरी नळीवर गेला, आणि नळीची बाजू घ्यायला तेथे कोणी नव्हते. नवी नळी लागली, हवा काढली, गाडी गुणगुणत सुरू झाली. भाच्याने तेथूनच आजीबाईंच्या घरी फोन करून सांगितले की गाडी आता ठीक आहे, उद्या पहाटे पाच वाजता तयार राहा.

पहाटे गाडी सुरू झाली नाही.

भाचा अर्धा तास हातपंप मारीत होता, मी टॉर्च धरून उभा होतो, वरून पाऊस. बॅटरी उतरली. शेवटी ओळखीच्या एकाला झोपेतून उठवून त्याची गाडी मिळवली. आजीबाई पाचपासून पायरीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. म्हापशाला पोहोचेपर्यंत दोन तास उशीर झाला. त्या दिवशी त्यांना चारऐवजी दोनच तास मिळाले. पुढचा दिवस त्यांनी सुजलेल्या पायांनी आणि चढलेल्या श्वासाने काढला.

दुपारी मिस्त्री डिचोलीहून स्वतः पेडण्याला आले. या वेळी त्यांनी पारदर्शक नळी फिल्टरच्या पलीकडे, पंपाच्या बाजूला लावली. बुडबुडे होते. मग टाकी बाजूला ठेवून एका डब्यात डिझेल घेतले आणि आखूड नव्या नळीने ते सरळ फिल्टरला दिले. म्हणजे टाकी, जुनी वाट, सर्व वगळले. तरी बुडबुडे होतेच. आता राहिला फक्त फिल्टर आणि त्याचे दोन सांधे, म्हणजे मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने केलेले काम. त्यांनी बँजो बोल्ट सोडला आणि त्याच्याखालचा तांब्याचा वॉशर काढून तळहातावर ठेवला. त्यावर जुन्या बोल्टाची गोल खूण स्पष्ट दिसत होती. वॉशर जुनाच होता.

तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की घट्ट होतो. दुसऱ्यांदा तो सांध्याच्या उंचसखलपणात बसत नाही. तो बदलावा, किंवा लाल होईपर्यंत तापवून थंड करावा, म्हणजे पुन्हा मऊ होतो. हे मिस्त्रींना माहीत नव्हते काय? त्यांच्या हाताखालच्या पोरालाही माहीत होते. मग झाले काय, हे आता हळूहळू बाहेर आले. फिल्टर बसवताना दुपार झाली होती, आणि गोव्यात दुपारी दुकाने बंद. मिस्त्री म्हणाले होते की चारला दुकान उघडेल तेव्हा वॉशर आणू. भाच्याला मोप्याचे भाडे होते. तो म्हणाला, "आहे तोच लावा, मिस्त्री, मग बघू." त्यांनी लावला. आणि 'मग' काही आला नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. त्या वॉशरविषयी दोघांना ठाऊक होते. पहिल्या दिवशी आम्ही तिघे गाडीखाली वाकून दोष शोधत होतो, तेव्हाही दोघांना ठाऊक होते. तरी दोघांपैकी एकानेही त्याचे नाव काढले नाही. ते खोटे बोलले का? नाही. मिस्त्रींनी जे सांगितले ते शब्दशः खरे होते: नळी जुनी होती, चिरलेली होती आणि हवा घेत होती. मी बुडबुडे डोळ्यांनी पाहिले होते. मी नंतर भाच्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की मला त्या वेळी वॉशर आठवलाच नाही. मिस्त्रीही तेच म्हणाले. मी दोघांवरही विश्वास ठेवतो, आणि मला भीती वाटते ती त्याचमुळे. कोणी लपवले असते तर गोष्ट सोपी होती. लपवणाऱ्याला आपण लपवतो आहोत हे तरी माहीत असते. येथे शोध सुरू होता, मनापासून सुरू होता. तो फक्त अशा ठिकाणी थांबला जिथे आमच्यापैकी कोणालाही काही द्यावे लागणार नव्हते.

मला वाटते, आपल्या बहुतेक शोधांचे असेच होते. दोष सापडेपर्यंत आपण शोधतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात दुसऱ्याचा दोष सापडेपर्यंत शोधतो. तो खोटा असावा लागत नाही. खरा असला तर अधिकच चांगले, कारण मग आपली सदसद्विवेकबुद्धीही शांत झोपते. मुलगा परीक्षेत नापास झाला आणि शिक्षक खरोखरच वाईट निघाले, तर घरात दुसरे काही पाहायची गरज कोणाला वाटत नाही. वर्गात मुले येईनाशी झाली आणि चौकशीत कळले की आईबाप रविवारी मुलांना बाहेरगावी नेतात, तर आम्ही शिकवणारे किती समाधानाने मान हलवतो! आईबाप नेतात हे खरेच असते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांविषयी एक अभ्यास झाला होता. तो करणाऱ्यांत वॉडिंग्टन नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. त्यांचे पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध झाले. ठराविक ५० तास उड्डाण झाले की विमानाची पूर्ण तपासणी होई. ती झाल्यावर बिघाड कमी व्हावेत. आकडे मांडले तेव्हा उलटे दिसले: तपासणी झाल्यावर लगेच बिघाड सर्वांत जास्त, आणि जसजसे तास जात तसतसे कमी. चालत्या यंत्राला हात लावणे हेच काही बिघाडांचे कारण होते. हे वाचल्यापासून मी कोणत्याही दुरुस्तीनंतर आलेल्या बिघाडाविषयी प्रथम विचारतो की हात कोठे लागला होता. म्हणजे, इतरांना विचारतो. भाच्याच्या गाडीपाशी मी हे विचारायला विसरलो. कारण तिच्यात हात घालायला लावणारा मीच होतो.

याहून भयंकर उदाहरण २००१ सालचे आहे. कॅनडाच्या एअर ट्रान्सॅट कंपनीचे एक विमान २४ ऑगस्ट रोजी टोरांटोहून लिस्बनला निघाले. त्याच महिन्यात त्याचे उजवे इंजिन बदलले होते. काढलेले इंजिन आणि बसवलेले इंजिन यांत बारीक फरक होता, त्यामुळे बसवताना नळ्या नीट जुळेनात. कामगारांच्या हे लक्षात आले. त्यांनी काढलेल्या इंजिनावरची इंधनाची नळी आणून बसवली. अडचण सापडली आणि दूर झाली. परंतु तिच्या जोडीची हायड्रॉलिक तेलाची नळी बदलायची राहिली. दोन नळ्या एकमेकींवर घासत राहिल्या, इंधनाची नळी फुटली आणि अटलांटिक महासागरावर इंधन वाहून गेले. वैमानिकांना एका बाजूचे इंधन कमी झालेले दिसले; दोष यंत्राच्या आकड्यांत असेल असे त्यांना वाटले आणि तोल साधण्यासाठी त्यांनी दुसऱ्या बाजूचे इंधन इकडे वळवले. तेही त्याच फटीतून गेले. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर ते विमान सुमारे एकोणीस मिनिटे तरंगत अझोर्स बेटांवर उतरले. आत ३०६ माणसे होती, सर्व वाचली. त्या कामगारांना निष्काळजी म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्यांनी पाहिले होते, शोधले होते आणि सापडलेला फरक दुरुस्तही केला होता. पहिला फरक सापडण्याचा आनंद त्यांना महाग पडला.

आता पुन्हा त्या जुन्या नळीकडे येतो, कारण तिच्यावर अन्याय झाला आहे असे मला वाटते. ती चिरलेली होती हे खरे. पण जूनपूर्वी ती हवा घेत नव्हती. निदान गाडी अडेल इतकी तरी नाही. नव्या फिल्टरची जाळी बारीक, तो उंचावर, नळीला वळणे जास्त. म्हणून पंपाला डिझेल ओढायला पूर्वीपेक्षा जास्त जोर पडू लागला, आणि नळीच्या आत-बाहेरच्या दाबातले अंतर वाढले. जुन्या ओढीला जी नळी पुरत होती ती नव्या ओढीला पुरेना. मग दोष नळीचा की ओढ वाढवणाऱ्याचा? मी या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. माझे मत असे आहे की, जो भार वाढवतो त्याने तो भार कोणाकोणावर पडणार हे पाहिले पाहिजे. ज्याने आजवर आपले काम निभावले त्याला नव्या मापाने कुचकामी ठरवून टाकणे सोपे असते. घरात नवी शिस्त आली, संस्थेत नवा अधिकारी आला की जुन्या माणसांचे जे होते ते अनेकांनी पाहिले असेल.

यावर कोणी म्हणेल, आणि मिस्त्रींनी ते म्हटलेही, की असे धरले तर कोणी काही सुधारूच नये. फिल्टरचे काम दिले, फिल्टरची मजुरी दिली. सारी गाडी तपासायची कोणी आणि किती पैशांत? या आक्षेपात तथ्य आहे. गरिबाने साऱ्या जगाची जबाबदारी घ्यावी असे मी म्हणणार नाही. पण पुढे त्यांनी जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. फिल्टर बसवतानाच त्यांना नळी ताठ लागली होती. "मग बोलला का नाहीत?" मी विचारले. ते भाच्याकडे पाहून म्हणाले, "सांगितले की हे म्हणतात, मिस्त्री खर्च वाढवतात. गेल्या वर्षी बेल्टच्या वेळी म्हणाले होते. म्हणून सांगितले नाही." भाचा खाली पाहत होता. तो तसे म्हणाला होता.

म्हणजे नळीची गोष्टही शेवटी नळीची राहिली नाही. ज्याने सांगायचे त्याला आपण एकदा टोकलेले असते. तो दुसऱ्यांदा सांगत नाही, आणि मग आपण म्हणतो की मला कोणी सांगितले नाही. वर्गात खरे बोलून रागावून घेतलेले मूल पुढच्या वेळी काय करते, हे शिक्षकांना मी सांगायला नको. मिस्त्रींचे गप्प बसणे मी बरोबर म्हणत नाही. दोन वाक्ये बोलून निर्णय मालकावर सोपवणे हे त्यांचे कर्तव्य होते. खर्च करणे न करणे भाच्याच्या हाती राहिले असते. पण त्या गप्प बसण्याची किंमत आधी कोणी भरली होती, हेही मी हिशेबात धरतो.

आणि माझे काय? मी वॉशर लावला नव्हता, लावा म्हटलेही नव्हते. मी फक्त चांगला सल्ला दिला होता. परंतु पंप, जाळी, मायक्रॉन हे सर्व सांगताना 'टाकीपासूनची नळी एकदा पाहून घे' एवढे मी सांगितले नाही, कारण ते मला माहीत नव्हते. आणि माहीत नाही हे मला जाणवलेही नाही, कारण मी जेवढे वाचले होते तेवढ्याने माझे समाधान झाले होते. सल्ला देणारा पहाटे पाच वाजता पायरीवर बसत नाही. योगायोगाने त्या दिवशी मी तेथे होतो म्हणून टॉर्च तरी धरावा लागला.

मिस्त्रींनी नवे वॉशर लावले, फिल्टरच्या माथ्यावरचे रबरी कडे काढून पाहिले, त्याला स्वच्छ डिझेल चोळून पुन्हा बसवले. बोल्ट किती आवळायचा ते त्यांनी मला मुद्दाम दाखवले. जास्त आवळला तर माथाच तडकतो आणि मग काही इलाज राहत नाही. हवा काढण्याचा स्क्रू सैल करून ते हातपंप मारीत राहिले, आधी फेस, मग मोठे बुडबुडे, मग बारीक, मग नुसते डिझेल. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. टाकी पुन्हा जोडून त्यांनी पारदर्शक नळी अलीकडे एकदा आणि पलीकडे एकदा लावून पाहिली. गाडी रात्रभर तशीच ठेवली. ते भाच्याच्या ओट्यावर झोपले. पहाटे साडेचारला त्यांनी स्वतः किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले.

या दुसऱ्या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्या पहाटे जी दुसरी गाडी घ्यावी लागली तिचे भाडे मी देऊ केले. भाचा म्हणाला की त्यातले अर्धे मी देतो, कारण 'आहे तोच लावा' हे माझे शब्द. हिशेब असा मिटला. आजीबाईंचे दोन तास त्यात कोठे बसत नव्हते.

भाचा दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेला. मीही सोबत होतो. त्याने त्यांना सगळे सांगितले, दुपारचे बंद दुकान, वॉशर, आपली घाई, सगळे. वॉशर म्हणजे काय ते त्यांना कळले नाही. त्यांनी पाय बाकावर घेतले, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले आणि विचारले की परवा किती वाजता येशील. तो म्हणाला, पावणेपाचला. त्या म्हणाल्या, बरे, मग मी साडेचारला दिवा लावते.